इंजिनाची तहान

मुलांनो, आज एका मजेशीर प्रश्नापासून सुरुवात करू. रेल्वेच्या इंजिनाला तहान लागते का?

हसू नका! आमच्या चौथीच्या वर्गातही हा प्रश्न ऐकून सगळे हसले होते. "बाई, इंजिन काय बैल आहे का पाणी प्यायला?" असं एकाने विचारलंसुद्धा. पण तुमच्या घरी आजी-आजोबा असतील, तर त्यांना विचारून बघा. ते सांगतील, "हो तर! इंजिन पाणी प्यायचं. घटाघटा प्यायचं. आणि ते पाणी पिऊन होईपर्यंत आम्ही खाली उतरून चहा पिऊन यायचो!"

आजी-आजोबांचं खरं आहे. वाफेच्या इंजिनाला कोळसा तर लागायचाच, पण कोळशाइतकंच पाणीही लागायचं. चुलीवर पातेल्यात पाणी उकळलं की झाकण कसं थडथड उडतं? तीच वाफेची ताकद. इंजिनाच्या बॉयलरमध्ये पाणी उकळायचं, वाफ दट्ट्याला ढकलायची, दट्ट्या चाकं फिरवायचा आणि मग ती वाफ 'भक् भक्' करत धुराड्यातून आकाशात निघून जायची. म्हणजे पाणी वापरलं की संपलं! पुन्हा नवं पाणी हवं. म्हणून ठरावीक अंतरावरच्या स्टेशनांत पाण्याची उंच टाकी असायची. फलाटाच्या टोकाला एक लोखंडी खांब आणि त्याला हत्तीच्या सोंडेसारखा आडवा नळ. इंजिन त्याच्याखाली जाऊन उभं राहायचं आणि हजारो लिटर पाणी पोटात भरून घ्यायचं.

आता जरा विचार करा. कोकणात किंवा गंगेच्या काठी ही गोष्ट चालून जाईल. पण आपल्या मराठवाड्यात? जिथे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, जिथे १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी अजून घरोघरी सांगतात, तिथे माणसांना, गुराढोरांना आणि वर इंजिनालाही पाणी पाजायचं? आजची आपली गोष्ट याच तहानेची आहे. वाफेच्या जागी डिझेलची गाडी आणायची तर आधी कशाकशाचा विचार करावा लागतो, तेही आपण पाहू.

तीन रुळांचा मुलूख

आधी आपल्या भागातले रूळ ओळखून घेऊ. एक काळ असा होता, की मराठवाड्यात तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ होते.

नांदेडची गाडी मीटरगेजवर धावायची. मनमाडहून औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, पूर्णा, नांदेड असं करत हैदराबाद-सिकंदराबादकडे जाणारा हा मार्ग विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, निजामाच्या राज्यात सुरू झाला. मीटरगेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर बरोबर १ मीटर.

लातूरची गाडी त्याहून लहान. तिचं नाव बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती आखली. १८९७ मध्ये ती बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. तिच्या रुळांमधलं अंतर होतं फक्त ७६२ मिलिमीटर. ही नॅरोगेज.

आणि तिसरा रुंद रूळ, ब्रॉडगेज. विकाराबादहून बीदर, उदगीर, लातूर रोडवरून परळीकडे जाणारा मार्ग या रुंदीचा. अंतर १६७६ मिलिमीटर.

पुस्तकातले आकडे डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत, हो ना? मग असं करा. शाळेच्या व्हरांड्यात किंवा अंगणात खडूने तीन जोड्या रेघा काढा. पहिल्या जोडीतलं अंतर ७६ सेंटिमीटर, दुसरीतलं १०० आणि तिसरीतलं साधारण १६८. पहिल्या दोन रेघांमध्ये पहिलीतलं पोर हात पसरून सहज मावत नाही. तिसऱ्या दोन रेघांमध्ये मात्र एखादी उंच बाई आडवी झोपू शकेल!

रूळ वेगळे, म्हणजे एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर जाऊच शकत नाही. कुर्डुवाडीला छोट्या गाडीतून आलेली पोती हमाल उतरवायचे, मोठ्या गाडीत चढवायचे. माणसंही गाठोडी घेऊन एका गाडीतून दुसऱ्या गाडीत. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

इंजिन कोळसा खातं, पाणी पितं

निजामाच्या राज्यात सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी होत्या. म्हणजे कोळसा राज्यातच मिळे. पण पाणी कुठून आणायचं? म्हणून इंजिनांचं मोठं शेड पाण्याच्या जवळ असणं सोयीचं. पूर्णा जंक्शनचंच बघा. इथे वाफेच्या इंजिनांचं शेड होतं, आणि गाव नदीकाठचं. इंजिनांची धुलाई, दुरुस्ती, कोळसा, पाणी... गावातली कितीतरी घरं रेल्वेवर चालायची.

शिवाय पाणी नुसतं असून भागायचं नाही. ते चांगलं हवं. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरींचं, बोअरचं पाणी जड असतं. घरी पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो की नाही? तेच क्षार. तसाच थर बॉयलरच्या आत बसला, की कोळसा जास्त जळतो आणि वाफ कमी होते. म्हणून बॉयलर वेळोवेळी धुवावा लागे. आणि धुवायला परत पाणी!

फायरमनचे हाल विचारूच नका. मे महिन्यात बाहेर ४२ अंश ऊन, समोर धगधगती भट्टी, आणि फावड्यावर फावडी कोळसा आत टाकायचा. सकाळची गाडी असेल तर इंजिन काही तास आधी पेटवायचं. गाडी पोचली की राख काढायची. आणि एवढं करून कोळशात जेवढी उष्णता असे, तिच्यातले शंभरातले सहा-आठ भागच गाडी ओढायला उपयोगी पडत. बाकी सगळी धुराड्यातून हवेत.

डिझेल इंजिनाचं काम वेगळं. त्यात डिझेल जळतं, त्यावर जनित्र फिरतं, वीज तयार होते आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी चालतात. म्हणजे डिझेल इंजिन हे रुळावर धावणारं छोटं वीजघरच म्हणा ना! डिझेलच्या उष्णतेतले साधारण तीस भाग तरी कामी येतात. पाणी त्यालाही लागतं, पण फक्त यंत्र थंड ठेवायला, आणि ते पाणी मोटारच्या रेडिएटरसारखं आतल्या आत फिरत राहतं. संपलं-भरलं, संपलं-भरलं असं होत नाही. इंजिनाची तहान जवळजवळ भागलीच म्हणायची.

भारतात मुख्य मार्गांवर डिझेल इंजिनं मोठ्या संख्येने आली ती १९६० नंतर. आधी अमेरिकेहून आली, मग १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. हळूहळू ती मीटरगेजवर आली, आणि पुढे बार्शीच्या छोट्या गाडीलाही डिझेलचं इंजिन लागलं.

तुम्हीच व्हा रेल्वेचे साहेब!

आता खरी गंमत. समजा, तुम्ही रेल्वेचे मोठे साहेब आहात. तुमच्या टेबलावर कागद आला आहे: "या मार्गावर डिझेलची गाडी सुरू करायची आहे. योजना तयार करा." तुम्ही काय कराल? "त्यात काय, इंजिन विकत घ्यायचं, जोडायचं आणि शिट्टी वाजवायची!" असं म्हणाल, तर तुमची गाडी पहिल्याच पुलावर अडेल. कारण तुम्ही चार प्रश्न विचारायला विसरलात.

पहिला प्रश्न: रूळ आणि पूल किती वजन पेलतील? गाडीच्या दोन चाकांना जोडणारा जो दांडा असतो, त्याला आस म्हणतात. रुळावर भार येतो तो या आसांमधून. कॅलथ्रॉपसाहेबांनी बार्शीच्या गाडीसाठी एक साधा नियम केला होता: इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. मग हलके, स्वस्त रूळ चालतात. त्यांचं इंजिन सुमारे तीस टनांचं होतं. त्याला त्यांनी सहा आस दिले. ३० भागिले ६ बरोबर ५. जमलं!

आता मीटरगेजवर देशभर वापरलेलं वायडीएम-४ हे डिझेल इंजिन घ्या. वजन ७२ टन, आस सहा. करा भागाकार. १२ टन! हे इंजिन बार्शीच्या रुळांवर चालवता आलं असतं का? रुंदी सोडाच, भारानेच रूळ वाकले असते. म्हणून प्रत्येक मार्गाला त्याच्या रुळांना आणि पुलांना सोसेल असंच इंजिन निवडावं लागतं.

दुसरा प्रश्न: डिझेल कुठे भरायचं, दुरुस्ती कुठे करायची? पाण्याच्या टाक्या नकोत, पण डिझेलच्या टाक्या हव्यात. त्याही आगीपासून सुरक्षित. वाफेच्या इंजिनाच्या शेडमध्ये राख आणि कोळशाची भुकटी. डिझेलच्या यंत्राला तर धूळ मुळीच चालत नाही. म्हणजे शेडची सगळी मांडणी बदलायची.

तिसरा प्रश्न: माणसांचं काय? हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वाफेच्या इंजिनावर एक ड्रायव्हर आणि कोळसा टाकायला फायरमन असत. शेडमध्ये कोळसा भरणारे, राख काढणारे, बॉयलर धुणारे, पाण्याचे पंप चालवणारे असत. डिझेल आलं, की यांतली निम्मी कामंच उरत नाहीत. ज्या माणसाने वीस वर्षं आवाजावरून वाफेचं इंजिन ओळखलं, त्याला आता मीटर, स्विच आणि तारा शिकायच्या. चाळिशीतल्या माणसाने पुन्हा शाळेत बसायचं! योजनेच्या कागदावर या माणसांच्या शिक्षणाचं पान नसेल, तर ती योजना अर्धी आहे. नवी गाडी येताना जुन्या गाडीवरच्या माणसाला फलाटावर सोडून यायचं नसतं.

चौथा प्रश्न: वेळापत्रक. यासाठी वही आणि पट्टी काढा.

रेघांची आगगाडी

आपल्याकडचे बरेचसे मार्ग एकेरी. म्हणजे जायला-यायला एकच रूळ. दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर एकीने स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबायचं आणि दुसरीला जाऊ द्यायचं. याला रेल्वेची माणसं 'क्रॉसिंग' म्हणतात. गाडी उगाच एखाद्या छोट्या स्टेशनात का थांबली, म्हणून प्रवासी कुरकुर करतात ना, ते बहुधा यासाठीच.

चौकटीच्या वहीत उभ्या रेघेवर स्टेशनं मांडा. 'अ' हे स्टेशन तळाला, 'ब' हे ६० किलोमीटरवर वरती, आणि मध्ये दर १० किलोमीटरला एक स्टेशन. आडव्या रेघेवर वेळ: सकाळी ८ पासून १० पर्यंत. रेल्वेत असा तक्ता खरोखर वापरतात बरं का.

आता 'अ'हून ८ वाजता एक गाडी निघाली, तासाला ३० किलोमीटर वेगाने. तिची रेघ तिरपी वर जाईल. त्याच वेळी 'ब'हून दुसरी निघाली, वेग तोच. तिची रेघ तिरपी खाली येईल. दोन्ही रेघा कुठे छेदतात? ९ वाजता, ३० किलोमीटरच्या स्टेशनात. छान! तिथे दोन गाड्यांची भेट होईल आणि कुणाचाच खोळंबा होणार नाही.

आता 'अ'हून निघालेल्या गाडीला वाफेचं इंजिन लावा. २० किलोमीटरच्या स्टेशनात ते पाणी प्यायला २० मिनिटं थांबलं. म्हणजे ८.४० ला पोचलं आणि ९ ला निघालं. पुन्हा रेघा काढा. आता त्या २५ किलोमीटरवर छेदतात. पण तिथे स्टेशनच नाही! दोन गाड्या भर माळावर समोरासमोर? छे छे! मग 'ब'हून आलेल्या गाडीला ३० किलोमीटरच्या स्टेशनात २० मिनिटं थांबवून ठेवायचं, कारण पहिली गाडी तिथे पोचणार ९.२० ला. पाहिलंत? तहान एका इंजिनाला लागली, खोळंबा दुसऱ्या गाडीतल्या माणसांचा झाला. त्यात कुणी दवाखान्यात निघालेलं असेल, कुणाचा कॉलेजचा पेपर असेल.

पाण्यासाठी थांबायचं नसलं, तर हा सगळा खोळंबा एका फटक्यात जातो. डिझेल गाडीचा खरा फायदा नुसत्या वेगात नव्हता, तो या न थांबण्यातही होता.

पुढे 'डेमू' नावाच्या गाड्या आल्या. त्यांत वेगळं इंजिन जोडावं लागत नाही. डिझेलचं यंत्र गाडीच्याच डब्यात असतं आणि चालवायची जागा दोन्ही टोकांना. शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचं, ही शंटिंगची कटकट नाही. ड्रायव्हर या टोकाकडून त्या टोकाला चालत गेला, की गाडी परत फिरायला तयार! जालना-नगरसोलसारख्या मार्गांवरची डेमू तुमच्यातल्या काहींनी पाहिली असेल. रोज थोड्या अंतरावर जाणारे विद्यार्थी, भाजीवाले, नोकरदार, यांच्यासाठी अशी गाडी सोयीची.

मग आलं २०१६ साल

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. एका रुंदीच्या रुळावरची गाडी दुसऱ्या रुंदीच्या रुळावर जाऊ शकत नाही. म्हणून १९९२ नंतर देशभर एकच मोठी रुंदी करण्याचं काम जोराने सुरू झालं. मनमाड-औरंगाबाद मार्ग १९९२ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि पुढच्या काही वर्षांत रुंद रूळ नांदेडपर्यंत पोचले. लातूर ते कुर्डुवाडी हे काम २००७-०८ मध्ये झालं. तेव्हा मार्गही थोडा बदलला, आणि जुन्या छोट्या गाडीने बाजूला ठेवलेलं उस्मानाबाद (आताचं धाराशिव) शहर पहिल्यांदाच रेल्वेच्या नकाशावर आलं. पुढे पंढरपूर ते मिरज हा भागही रुंद झाला. लातूर ते मिरज असा अखंड ब्रॉडगेज मार्ग तयार झाला.

तेव्हा कुणाला वाटलं असेल का, की या रुळांवरून एक दिवस पाणी येईल?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं. शहरात पाण्यासाठी इतकी भांडणं होऊ लागली, की पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. तुमच्याएवढी मुलं शाळा सोडून घागरी घेऊन रांगेत उभी होती. तेव्हा ठरलं, की मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेने आणायचं. अंतर सुमारे ३४० किलोमीटर.

टाकीच्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात आतून वाफेने धुऊन घेतल्या. मिरजेला पाणी भरायची व्यवस्था केली. १२ एप्रिल २०१६ ला पहाटे दहा वाघिणींची पहिली गाडी लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर. म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर! लोकांनी तिला नाव दिलं 'जलदूत'. पावसाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस तिच्या शंभरहून जास्त फेऱ्या झाल्या.

या मार्गावर तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या. ही गाडी ओढली डिझेल इंजिनांनी. ज्या मुलखात एके काळी इंजिनालाच पाणी पाजावं लागायचं, तिथे इंजिन माणसांसाठी पाणी घेऊन आलं!

आता एक हिशोब करू. १ लिटर पाण्याचं वजन १ किलो. ५० हजार लिटर म्हणजे ५० टन. वाघिणीला आस चार. म्हणजे नुसत्या पाण्याचाच भार प्रत्येक आसावर साडेबारा टन. रिकाम्या वाघिणीचं वजन वेगळंच. आणि जुन्या नॅरोगेजचा नियम काय होता? ५ टन! म्हणजे जुनीच लाइन असती, तर जलदूत कुर्डुवाडीच्या पुढे एक पाऊलही सरकली नसती. तिथे पाणी उतरवून, छोट्या टाक्यांत भरून न्यावं लागलं असतं. रूळ रुंद करणाऱ्यांनी दुष्काळाचा विचार केला नसेलही. पण त्यांनी रूळ भक्कम बांधून ठेवले, म्हणून अडचणीच्या वेळी ते कामी आले.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं आपण म्हणतो. रेल्वेची योजना म्हणजे तहान लागण्याआधी खणलेली विहीर.

पण थांबा, हिशोब अजून पुरा झालेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहरात सुमारे ३ लाख ८३ हजार माणसं होती. २५ लाख लिटर त्यांच्यात वाटलं, तर माणशी किती येईल? साधारण साडेसहा लिटर. घरातली आंघोळीची बादली बघा, तिच्यात याहून जास्त पाणी मावतं. पिणं, स्वयंपाक, धुणं, भांडी, सगळं साडेसहा लिटरमध्ये! म्हणून जलदूतचं कौतुक करताना हेही लक्षात ठेवायचं, की गाडीने आणलेलं पाणी जीव तगवायला पुरतं, गाव चालवायला पुरत नाही. त्यासाठी पाऊस अडवणं, जिरवणं आणि आहे ते जपून वापरणं, यांना पर्याय नाही.

आता तारा आल्या

आता डिझेलचीही पाळी संपत आली आहे. मनमाड-नांदेड मार्गावर विजेच्या तारा आल्या. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई-जालना वंदे भारत सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत आली. ती विजेवरच चालते. लातूर-कुर्डुवाडी मार्गावरही तारा आहेत. आणि ज्या लातूरला एके काळी ७६२ मिलिमीटरची चिमुकली गाडी यायची, त्याच लातूरजवळ हरंगुळला रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना उभा राहिला आहे.

वीज का? डिझेल ज्या खनिज तेलापासून बनतं, त्यातलं बरंचसं आपल्याला परदेशांतून विकत आणावं लागतं. धूरही होतो. विजेच्या इंजिनाला धुराडं नाही. पण वीज येते कुठून? कोळशाच्या वीजघरातून आली, तर धूर तिकडे होतो, आणि त्या वीजघरालाही पाणी लागतंच. सूर्यप्रकाशापासून आली, तर गोष्ट वेगळी. आणि आपल्याकडे ऊन काही कमी नाही! म्हणजे साहेबांच्या टेबलावरचे चार प्रश्न आजही तसेच आहेत: भार किती, इंधन कुठून, माणसांचं काय आणि वेळ कशी जुळवायची. पाचवा प्रश्न आपल्या मुलखाने त्यात घातला आहे: पाणी किती लागेल?

या आठवड्याचा उद्योग

१. आजी-आजोबांना किंवा शेजारच्या निवृत्त रेल्वे कामगाराला विचारा: वाफेच्या गाडीने केलेला एखादा प्रवास आठवतो का? गाडी पाण्यासाठी कुठे थांबायची? उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा.

२. आपल्या मघाच्या तक्त्यात 'अ'हून ८ वाजता तासाला ४० किलोमीटर वेगाची डेमू सोडा. 'ब'हून ८ वाजताच ३० किलोमीटर वेगाची गाडी सोडा. भेट कोणत्या स्टेशनात घडवाल? कोण थांबेल आणि किती मिनिटं? एक सूचना: उत्तरं दोन निघतील. त्यांतलं कोणतं निवडलं आणि का, हे लिहायला विसरू नका. कोणत्या गाडीत कोण बसलं आहे, याचाही विचार करा.

३. पालकांसाठी एक काम. एक दिवस घरात माणशी साडेसहा लिटरच पाणी मोजून ठेवा आणि मुलांबरोबर दुपारपर्यंत त्यात भागवून बघा. लहान बाळ आणि आजारी माणूस सोडून, बरं का! दुपारी उरलेलं पाणी मोजा आणि तो आकडा मुलांना वहीत लिहू द्या.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं देईन. तोपर्यंत रेघा काढत राहा, आणि नळ नीट बंद करा!